दुर्लक्ष सोसणारी काच

काचेच्या आत माहिती लिहून ठेवण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेतल्या कुतूहलापुरते उरलेले नाही. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधन गटाने फेब्रुवारी २०२६मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपले काम प्रसिद्ध केले. १२० मिलिमीटर लांब-रुंद आणि २ मिलिमीटर जाड अशा शुद्ध सिलिका काचेच्या चौकोनात त्यांनी ३०१ थरांमध्ये ४.८ टेराबाइट माहिती मावते असे दाखवले. नुसता मजकूर धरला तर ही लाखो पुस्तके होतात. उष्णता देऊन केलेल्या चाचण्यांवरून अशी माहिती १० हजार वर्षांहून अधिक टिकेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

माझा भाऊ आयुष्यभर जुन्या कागदपत्रांत राहिला. एका अभिलेखागारातून तो निवृत्त झाला. माझी मुलगी पदार्थविज्ञान शिकली आणि आता मोठ्या संस्थांचा डेटा साठवण्याच्या व्यवस्था सांभाळते. या बातमीने हरखला तो मामा आणि शंका काढल्या त्या भाचीने. दोघांचे बोलणे मी इथे जुळवून देते आहे. विषय मलाही जवळचा वाटतो, म्हणून मध्ये मध्ये मी बोलले आहे.

मामा: आधी मला नीट समजावून सांग. काचेच्या आत लिहितात म्हणजे काय करतात? वरून कोरत जातात का?

भाची: वरून काहीच होत नाही, मामा. हात फिरवलास तर काच गुळगुळीतच लागेल. लेझरचा प्रकाश काचेतून आरपार जातो, कारण त्या प्रकाशाचा एकेक फोटॉन काचेतल्या इलेक्ट्रॉनला हलवायला पुरत नाही. पण तोच प्रकाश भिंगाने आतल्या एका बिंदूवर एकवटला आणि अगदी क्षणार्धात सोडला, तर त्या बिंदूपाशी तीव्रता इतकी वाढते की इलेक्ट्रॉन एकदम अनेक फोटॉन शोषून घेतात. तेवढ्याच जागी काच बदलते. बिंदूच्या वर आणि खाली प्रकाश पसरलेला असतो, तिथं काही घडत नाही. म्हणून एका थराला धक्का न लावता दुसऱ्या थरात लिहिता येतं.

मामा: क्षणार्धात म्हणजे किती वेळात?

भाची: ते फेमटोसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेमटोसेकंद. असे शंभर फेमटोसेकंद घेतले, तर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या वेळात जेमतेम ३० मायक्रोमीटर पुढे सरकतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही, त्यामुळे काच तडकत नाही आणि खूण नेमकी उमटते.

मामा: आणि खूण कसली उमटते?

भाची: इथं दोन वाटा आहेत. जुनी वाट शुद्ध सिलिका काचेची. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे पीटर कझान्स्की आणि जपानमधल्या क्योटोचे संशोधक यांनी २००३मध्ये दाखवलं, की लेझरच्या स्पंदांखाली काचेत आपोआप अतिसूक्ष्म पट्ट्या तयार होतात, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक. त्या पट्ट्यांची दिशा लेझरच्या ध्रुवीकरणावर, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात त्यावर ठरते. अशी जागा द्विअपवर्तनी होते, म्हणजे तिच्यातून दोन दिशांना ध्रुवित झालेला प्रकाश वेगवेगळ्या वेगानं जातो. आता मोज: लांबी, रुंदी, खोली या तीन मिती, पट्ट्यांची दिशा ही चौथी, द्विअपवर्तन किती, ही पाचवी. म्हणून तिला पंचमितीय साठवण म्हणतात. २०१३मध्ये त्यांनी याच पद्धतीनं ३०० किलोबाइटची एक मजकुराची फाइल लिहून परत वाचून दाखवली. तीनच थर होते.

पंचमितीय हे नाव ऐकून पुष्कळांना काही गूढ असल्यासारखे वाटते. तसे त्यात काही नाही. एका ठिपक्याला जागेखेरीज आणखी दोन गुण असतात, त्यामुळे एकाच ठिपक्यात एकाहून अधिक बिट मावतात, एवढाच त्याचा अर्थ. या गटाने पुढे मानवी हक्कांचा जाहीरनामा, न्यूटनचा प्रकाशावरचा ग्रंथ, मॅग्ना कार्टा असे दस्तऐवज काचेत उतरवले. २०२४मध्ये माणसाचा संपूर्ण जीनोम उतरवलेली चकती ऑस्ट्रियात हॉलस्टॅट इथल्या मिठाच्या खाणीतल्या संग्रहात ठेवली गेली.

भाची: दुसरी वाट मायक्रोसॉफ्टची. त्यांनीही सुरुवात सिलिकेनंच केली होती. २०१९मध्ये १९७८चा 'सुपरमॅन' चित्रपट त्यांनी तळहाताएवढ्या काचेवर उतरवला, ७५.६ गिगाबाइट. ती काच उकळत्या पाण्यात घातली, भट्टीत आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवली, लोखंडी घासणीनं घासली. माहिती शाबूत राहिली. आता नव्या निबंधात त्यांनी सिलिकेबरोबर साधी बोरोसिलिकेट काचही वापरली आहे. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं किंवा भट्टीत ठेवायची भांडी ज्या काचेची असतात, ती. तिच्यात ध्रुवीकरणाची भानगड नाही. एका स्पंदात एक ठिपका, आणि त्या ठिपक्यापाशी प्रकाशलहरीची कला, म्हणजे फेज, किती बदलते यावरून वाचन. पूर्वी वाचायला तीन-चार कॅमेरे लागत, आता एक पुरतो. सूक्ष्मदर्शक थराथरानं फिरतो, चित्रं घेतो आणि संगणक त्या चित्रांवरून बिट ओळखतो.

मामा: हे सगळं ऐकून मला एकच गोष्ट मोठी वाटते. एकदा लिहिलं की त्या काचेला काही लागत नाही. वीज नको, थंड हवा नको, धुरी नको. तुला कल्पना नाही अगं, कागद सांभाळायचा म्हणजे काय असतं. कसर, वाळवी, ओल, उंदीर. रुमाल सोडावा आणि आतल्या कागदांची नुसती चाळण झालेली असावी. थायमॉलची धुरी द्यायची, फाटलेल्या पानांना शिफॉन लावायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच खोलीत छत गळायचं. मंजुरी येते तेव्हा पावसाळा होऊन गेलेला असतो. कागद आगीत जातो तेव्हा बातमी होते. दुर्लक्षानं जातो त्याची बातमीही होत नाही, आणि जास्त कागद तसाच जातो.

भाची: पण आम्ही आज टेपवर हेच काम चोख करतो. चुंबकीय टेप म्हटलं की लोकांना जुन्या कॅसेट आठवतात. आजची एलटीओ-९ची एक टेप १८ टेराबाइट घेते आणि पूर्ण भरायला साधारण साडेबारा तास लागतात. काचेचा वेग बघ. एका किरणाला सेकंदाला २५.६ मेगाबिट. ४.८ टेराबाइटची एक काच एका किरणानं भरायची तर सतरा दिवसांच्या वर जातात. एकापेक्षा जास्त किरण वापरून वेळ कमी करता येतो, त्यांनी तसं करूनही पाहिलंय. पण फेमटोसेकंद लेझर महाग आहे, आणि लिहिणं टेपच्या तुलनेत संथ आहे ते आहेच.

मामा: टेप किती वर्षं टिकते?

भाची: नीट तापमानात, कोरड्या हवेत तीसेक वर्षं.

मामा: आणि यंत्र?

भाची: तिथंच खरी अडचण येते. एलटीओ-९चं यंत्र एलटीओ-८ची टेप वाचतं, एलटीओ-७ची वाचत नाही. म्हणून टेप चांगली असली तरी दर सात-दहा वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवून घ्यावं लागतं.

मामा: म्हणजे शंभर वर्षांत दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी कुणीतरी पैसे मंजूर करायचे, कुणीतरी माणसं नेमायची. एकदा जरी चुकलं तरी?

भाची: तर जातं. पण मामा, मला यात दोष दिसत नाही, गुण दिसतो. दर दहा वर्षांनी उतरवून घ्यायचं म्हणजे दर दहा वर्षांनी कुणीतरी ते उघडून बघतं. खराब झालेलं सापडतं. जुन्या पद्धतीची फाइल नव्या पद्धतीत आणली जाते. यादी ताजी राहते. तुकोबांचे अभंग कशामुळं टिकले? लोक ते म्हणत राहिले, वहीत उतरवून घेत राहिले. एखाद्या अविनाशी वस्तूवर कोरून ते पुरून ठेवले असते तर आज कुणाला ठाऊक असते? तुझी काच लोकांना विसरायची मुभा देईल, याचीच मला भीती वाटते. दहा हजार वर्षं टिकणारी वस्तू एकदा कपाटात गेली की तिच्याकडे कोण बघणार?

माझ्या मते या साऱ्या वादातला हा सर्वांत कसदार मुद्दा आहे. जतन म्हणजे वस्तू की जतन म्हणजे करत राहण्याचे काम, असा तो प्रश्न आहे. मामा त्यावर बराच वेळ विचार करत होता.

मामा: तुकोबांना वारकरी मिळाले. प्रत्येकाला मिळत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या गावच्या वतनाचा तंटा, दुष्काळातली धान्याची नोंद, एखाद्या बाईनं केलेली फिर्याद, हे कोण तोंडपाठ करणार? पण इतिहास लिहायचा तर तेच लागतं. आता नाणेघाटात चल. सातवाहनांच्या काळातला तो लेख दोन हजार वर्षं लेण्याच्या भिंतीवर आहे. मध्ये कित्येक शतकं अशी गेली की ब्राह्मी वाचणारा एक माणूस या देशात नव्हता. गुराखी तिथं पावसात आडोशाला बसत असतील. कुणी उतरवून घेतलं नाही, कुणी यादी ठेवली नाही. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली, तेव्हा तो लेख तिथं होता. वाचणारा पुन्हा निर्माण होऊ शकतो. गेलेलं अक्षर पुन्हा निर्माण होत नाही. पिढ्या सगळ्या सारख्या नसतात. मधूनच एखादी अशी येते की तिला या कशाचं काही पडलेलं नसतं. तेवढी पिढी निभावून नेईल असं माध्यम मला हवंय. दहा हजार वर्षं राहू दे गं, शंभर वर्षांचं दुर्लक्ष सोसलं तरी मला पुरे.

भाची: बरं. मग मी सिंधू संस्कृतीच्या मुद्रा पुढे करते. चार हजार वर्षं टिकल्या, आजवर खात्रीनं कुणाला वाचता आल्या नाहीत. आणि नाणेघाटचा लेख निदान डोळ्यांना अक्षरं म्हणून दिसत होता. काचेतले ठिपके अक्षरं नसतात. आधी मजकुराचे आकडे होतात, मग ते दाबून लहान केले जातात, मग चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यात जादा बिट मिसळले जातात, मग ते विशिष्ट क्रमानं विखरून टाकले जातात. हा क्रम ठाऊक नसलेल्या माणसाला सूक्ष्मदर्शकातून ठिपके दिसतील. पण त्यात लोणावळ्याचा पाऊस लिहिलाय की कुणाचं बँकेचं खातं, हे त्याला कळणार नाही.

मामा: असं प्रत्यक्षात झालंय कुठं?

भाची: आपल्या हयातीतच झालंय. इंग्लंडमध्ये १०८६चं डोम्सडे नावाचं जमीनजुमल्याचं पुस्तक आहे. चामड्यावर लिहिलेलं, आजही वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६मध्ये बीबीसीनं नवं डोम्सडे केलं. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, छायाचित्रं दिली, आणि ते सगळं लेझरडिस्कवर भरलं. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतल्या लोकांनी खटपट करून जुन्या यंत्राचं सोंग घेणारी आज्ञावली लिहिली, तेव्हा ते पुन्हा उघडलं. दुसरं उदाहरण नासाचं. १९६६ आणि १९६७मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं घेतली. टेप राहिल्या. पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची यंत्रं जवळपास कुठंच उरली नव्हती. नॅन्सी इव्हान्स या नासातल्या अभिलेखपाल बाईंनी ती यंत्रं हट्टानं आपल्या घरी ठेवली होती, म्हणून २००८मध्ये त्यातलं एक चालू करता आलं. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातल्या मॅकडोनाल्ड्सच्या रिकाम्या जागेत एका गटानं ते काम केलं.

मामा: बघ, तिथंही एक अभिलेखपालच कामी आली! आणि टेप चाळीस वर्षं राहिली म्हणून तिच्या हट्टाला फळ आलं.

भाची: हो, ते मान्य. आणि काचेच्या बाजूनं एक गोष्ट मी स्वतःच सांगते. तिला वाचायला ठरावीक कंपनीचं ठरावीक यंत्र लागत नाही. सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा या गोष्टी पुढच्या माणसांकडेही असतील. दुसरं म्हणजे, काच वाचणाऱ्या यंत्रात लिहिण्याइतक्या जोराचा लेझरच नसतो. त्यामुळे चुकून किंवा मुद्दाम कुणी जुन्या नोंदीवर दुसरं काही लिहू शकत नाही. रॅन्समवेअरवाले सगळा साठा कुलूपबंद करून पैसे मागतात, तशा रात्री मी काढल्यात. माझ्या कामात ही गोष्ट लाखमोलाची आहे.

मामा: फुटली तर?

भाची: फुटू शकते, काचच आहे. म्हणून एकेका काचेवर विसंबत नाहीत. काचांच्या एकेका संचात जादा काचा धरतात, म्हणजे एखादी गेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातलं काढता येतं. ती माझी काळजी नाही. माझी काळजी घरचीच आहे. आई, तुझ्या मासिकांच्या जुन्या फाइल आठवतात का?

हा प्रश्न मला होता. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी छपाई पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टांत झाली. त्या काळी युनिकोड वापरात नव्हता. प्रत्येक फॉन्टची स्वतःची जुळणी होती. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असे: कुठे काना, कुठे अर्धा 'र', कुठे वेलांटी. फॉन्ट असेल तर पडद्यावर मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. दिवाळी अंक, कथासंग्रह, प्रबंध, जिल्हा दैनिकांचे अंक, संस्थांचे अहवाल, सारे या फाइलींत आहे. छापील प्रत जिथे राहिली तिथे ते वाचता येते. जिथे फक्त फाइल राहिली, तिथे पंचवीस-तीस वर्षांतच वाचणे अवघड झाले आहे.

भाची: अशी फाइल काचेत लिही. दहा हजार वर्षं ती जशीच्या तशी राहील, आणि दहा हजार वर्षं कुणाला वाचता येणार नाही. काच फाइल सुधारत नाही. जे दिलं ते धरून ठेवते.

मामा: मोडीचं तेच झालं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल मोडी कागदांनी भरलेले आहेत. कागद चांगला, काजळाची शाई चांगली. पण शाळेतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे मोजके उरले. तरीही फरक आहे बघ. मोडी शिकता येते. तिच्या वर्णमालेची पुस्तकं आहेत, शिकवणारे आहेत, २०१४मध्ये तिला युनिकोडमध्ये जागाही मिळाली. किल्ली हरवलेली नाही. मग काचेबरोबर किल्लीही लिहून ठेवावी, एवढंच ना?

भाची: एवढंच, पण ते करायला हवं. काहींनी तशी सुरुवात केलीय. लाँग नाऊ फाउंडेशनची निकेलची रोझेटा चकती आहे. तिच्या कडेला मजकूर डोळ्यांना दिसेल एवढा मोठा सुरू होतो आणि आत वळत जाताना लहान लहान होत जातो. ज्याच्या हाती पडेल त्याला भिंग घेऊन पुढं बघ, हे आपोआप कळतं. जीनोमच्या काचेवरही वाचणाऱ्यासाठी चित्रांची किल्ली कोरली आहे. माझं म्हणणं, प्रत्येक काचेच्या पहिल्या थरात मोठ्या अक्षरांत, भिंगानं वाचता येईल असं, ठिपके कसे वाचायचे ते लिहावं. चार-पाच भाषांत लिहावं. आणि ती पद्धत कोणत्याही कंपनीचं गुपित नसावी.

इथवर येईपर्यंत दोघे बरेच जवळ आले होते. मग मामाने असा विषय काढला, ज्यात त्याचा अनुभव भाचीहून मोठा आहे.

मामा: तुम्ही संगणकवाले सगळंच ठेवायला बघता, हे मला पटत नाही. सरकारी अभिलेखाची वर्गवारी असते. 'अ' वर्ग कायम ठेवायचा. 'ब' तीस वर्षं, 'क' प्रकारानुसार दहा किंवा पाच वर्षं, 'ड' एक वर्ष. मुदत संपली की नाश करायचा, नोंद करून. मी माझ्या हातानं गाड्याच्या गाड्या कागद नाशाला काढलेत. ते केलं नाही तर कामाचा कागद सापडतच नाही. काच फक्त 'अ' वर्गासाठी. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार, न्यायालयाचे निवाडे, हस्तलिखितं, बोलीभाषांच्या ध्वनिफिती, हवामानाच्या नोंदी.

भाची: आणि सिनेमा. पुण्यात जानेवारी २००३मध्ये नायट्रेट फिल्मला आग लागली, त्यात कितीतरी जुने मूकपट आणि बोलपट कायमचे गेले. फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' तर आधीपासूनच आपल्याकडे पूर्ण नाही. चित्रपटाला जागा फार लागते आणि तो बदलायचा नसतो. काचेला याहून योग्य काम नाही.

मामा: मग विरोध कशाला होता तुझा?

भाची: सरसकट वापराला. काचेतलं पुसता येत नाही. मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲमेझॉन यांच्याकडे लोकांचे फोटो, संदेश, आजारपणाचे कागद आहेत. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिलाय. काचेतून एकाच माणसाची नोंद कशी पुसणार? यावर उत्तर देतात की माहिती कुलूपबंद करून लिहायची आणि पुसायची वेळ आली की किल्लीचा नाश करायचा. चालेल. पण मग किल्ली टिकली नाही की सगळंच गेलं, आणि किल्ली तर काचेत ठेवता येत नाही. म्हणून खासगी माहिती टेपवरच बरी. तिचं आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढं असावं.

मामा: हे मला पटलं. खासगी कागद कुणाच्या हाती किती काळ राहावा, हा आमच्याकडेही मोठा प्रश्न असतो.

एक जागा अशी आहे, जिथे मी मामाच्या बाजूने ठाम उभी आहे. भाचीचा युक्तिवाद, म्हणजे पुनःपुन्हा उतरवून घेणे हेच खरे जतन, हा श्रीमंत संस्थांच्या जगात बरोबर आहे. बँकेला दर दहा वर्षांनी टेप बदलायला पैसे मिळतात, कारण बँकेचे आजचे काम त्यावर चालते. तालुक्याच्या वाचनालयाला, लोककलांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह जपणाऱ्या एखाद्या संस्थेला, बोलीचा शब्दकोश करणाऱ्या मंडळाला दर दहा वर्षांनी पैसे मिळत नाहीत. एकदाच मिळतात, तेही कुणी मंत्री, कुणी देणगीदार मनावर घेईल तेव्हा. त्या एकदाच मिळालेल्या पैशात जे होईल ते पुढची साठ-सत्तर वर्षे टिकले पाहिजे. अशा संस्थांचे जतन वस्तूच्या टिकाऊपणावरच अवलंबून असते, आणि आपल्या भाषेचा बराचसा ठेवा अशाच संस्थांकडे आहे. साउदॅम्प्टनच्या गटाने १९० अंश तापमानातही १,३८० कोटी वर्षांचा अंदाज मांडला, विश्वाच्या वयाएवढा. तो तापवून केलेल्या प्रयोगांवरून पुढे काढलेला हिशेब आहे, आणि इतक्या मोठ्या आकड्याचे वाचनालयाला काही काम नाही. दोन दुष्काळ, एक पूर आणि चार उदासीन व्यवस्थापकांनंतरही काच तशीच असेल, याचे आहे.

भाची: आई, मग मी तुला एक विचारते. उद्या कुणी एक काच फुकट लिहून देतो म्हणाला, तर त्या वाचनालयाकडे द्यायला काय तयार आहे?

मामा: याद्या नाहीत. निम्म्या पुस्तकांची दाखलनोंद नाही. ध्वनिफितीवर नाव आहे, पण कोण गातंय, कुठं गातंय, कधी, काही लिहिलेलं नाही.

भाची: तेच म्हणते मी. हे तंत्र आज बाजारात विकत मिळत नाही. मिळेल तेव्हाही आधी मोठ्या डेटासेंटरांत येईल, आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. तो वेळ कामाचा आहे. पण जुने फॉन्ट चालवणारे संगणक, ती फाइल कुठल्या जुळणीत आहे हे ओळखणारे अक्षरजुळणीकार, ध्वनिफितीवरचा आवाज ऐकून 'ही अमक्या गावची बाई' असं सांगणारी माणसं, हे सगळं त्याआधी संपणार आहे.

मामा: मोडी वाचणारे मी संपताना पाहिलेत. जुन्या फॉन्टवाल्यांचं तसं होऊ नये.

काचेबद्दल मी मामाशी सहमत आहे आणि काचेआधीच्या कामाबद्दल भाचीशी. म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कुणी संपादक आहेत, कुणी मुद्रक, कुणी संस्थेचे कार्यवाह, कुणी लेखकांचे वारस. आपल्याकडे १९९० ते २०१०च्या दरम्यानच्या पेजमेकरच्या, श्रीलिपीच्या, आकृतीच्या फाइली असतील, तर त्या युनिकोडमध्ये आणून घ्या. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत. त्या चुका करतात, म्हणून छापील प्रतीशी ताडून पाहा. ध्वनिफिती आणि छायाचित्रे असतील तर त्यात कोण आहे, कुठले आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला बसवून लिहून घ्या. आणि हे सारे एकाच पेन ड्राइव्हवर ठेवू नका. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असू द्या.

या कामाला लेझर लागत नाही, आणि ते याच वर्षी सुरू करता येईल.